कपाटातले सहा गॉगल

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या नाठाळ भाच्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहितो. पुढचं वाचून काय ते तूच ठरव. तुझा डोळा कसा आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं आणि दुसऱ्याच दिवशी तू डॉक्टरांना त्यांच्या भिंतीवरचं जाळं दाखवलंस, हे आईकडून कळलं. (बाजूनेसुद्धा झाकलेला तो काळा चष्मा अजून लावावा लागतो का? सहज विचारलं.)

तू शाळेत आम्हाला रसायन शिकवायचीस, तेव्हा भर वर्गात माझा कान पिरगळून एक वाक्य पाठ करून घेतलं होतंस: आधी पाणी, मग त्यात ॲसिड, आणि तेही हळूहळू. आत्या, त्या एका वाक्याने माझा घात केला. आमच्या कारखान्यात लोखंडी नळ्यांवर जस्ताचा मुलामा चढवतात आणि त्याआधी गंज जावा म्हणून त्या ॲसिडच्या टाकीत बुडवतात. मी आपला स्टोअरमध्ये सुखाने नटबोल्ट मोजत होतो. जुने सुरक्षा अधिकारी नोकरी सोडून गेले (तब्येतीचं कारण दिलं, पण तब्येत ठणठणीत होती), तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, ॲसिडबद्दल कुणाला काही माहीत आहे का? माझ्या तोंडून तुझं वाक्य निघून गेलं. दुपारी माझ्या टेबलावर ‘सुरक्षा अधिकारी’ अशी पाटी आली. टेबल मात्र तेच, एक पाय आखूड असलेलं.

आता गॉगलचं ऐक. मागच्या तपासणीत ताशेरे ओढले गेले म्हणून साहेबांनी सहा उत्तम गॉगल आणवले आणि केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. वापरले तर ओरखडे पडतात, असं त्यांचं म्हणणं. ॲसिडच्या खोलीच्या दारावर मात्र ‘गॉगलशिवाय प्रवेश नाही’ अशी ठळक पाटी (ती मीच रंगवली, अक्षर बघण्यासारखं आहे). गॉगल हवा असेल तर अर्ज करायचा, अर्जावर साहेबांची सही हवी, आणि साहेब आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. आमचे मिस्त्री गेली बावीस वर्षं रोज ॲसिड ओततात. त्यांनी पहिल्या महिन्यात एकोणीस अर्ज केले. त्यानंतर ते वाचायचाच चष्मा लावून ओतायला लागले, आणि मी नोंदवहीत ‘चष्मा वापरला’ असं लिहायला लागलो. खोटं एक अक्षर नाही बघ त्यात.

गेल्या मंगळवारी तपासणी अधिकारी आले. कपाट उघडलं, आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल चढले. मी काचेवरचं पातळ प्लास्टिक काढायला नख लावलं, तर साहेबांनी माझ्या हातावर चापट मारली. प्लास्टिक राहू दे, नंतर परत ठेवायचेत, असं कानात म्हणाले. मग आम्ही आंधळी कोशिंबीर खेळायला निघाल्यासारखे एकमेकांचे खांदे धरून आत गेलो. मिस्त्रींना साहेबांनी प्रात्यक्षिक करून दाखवायला सांगितलं. शेजारी शेजारी दोन पिंपं होती, एकात पाणी, एकात ॲसिड. त्या धुरकट प्लास्टिकमधून बिचाऱ्यांना पिंपांवरच्या चिठ्ठ्या कुठल्या दिसायला? बावीस वर्षांत जे कधी झालं नाही ते झालं. पाण्याची बादली ॲसिडात गेली.

पुढचं तुला सांगायला नको, तू रसायनवाली. तडतड उडालं. साहेब सगळ्यांत पुढे उभे होते, त्यांच्या पँटची चाळण झाली. दाराशी मिस्त्रींनी स्वतःच्या हौसेने पाण्याचं मोठं पिंप नेहमी भरून ठेवलेलं असतं (संकटकाळचा शॉवर आहे, पण त्याला नळ जोडायचा राहिलाय), त्यातलं पाणी आम्ही एकमेकांवर धो धो ओतलं. कुणाच्या कातडीवर लाल ठिपक्यांपलीकडे काही गेलं नाही. सहाही गॉगलवर मात्र प्लास्टिकच्या आरपार पांढरे डाग पडले, आणि ते सगळे डाग बरोबर डोळ्यांसमोर होते. मी एकेक गॉगल उजेडात धरून ते डाग मोजले, आत्या.

साहेबांनाही फार वाईट वाटलं. गॉगल खराब झाल्याचं. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं: ॲसिडच्या कामामुळे गॉगलचं नुकसान होत असल्याने यापुढे ॲसिडच्या कामात गॉगल वापरू नयेत. खाली सही माझी आहे. सुरक्षा अधिकारी मीच ना.

मिस्त्रींनी परिपत्रक शांतपणे वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि ते स्टुलावर जाऊन बसले. गॉगल द्या, मग ओततो, एवढंच म्हणाले. आज चौथा दिवस, उठलेले नाहीत.

बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार, आणि डोळ्याला जप.

तुझा,
भाचा

ता. क. मिस्त्री उठत नाहीत म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः उदाहरण घालून द्यावं, असं ठरलंय. सोमवारपासून ॲसिड मी ओतणार. मला भीती वाटते, आत्या. तुझा तो काळा चष्मा आता लागत नसेल तर लगेच पाठव. तो यासाठी नसतो हे मला कळतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

ता. क. २. आईला काही बोलू नकोस. मी खुर्चीत बसून सह्या करतो असं तिला सांगितलंय.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात साहेब डोकावले. चष्मा येतोय म्हटल्यावर खूश झाले. डागाळलेले गॉगल काढून टाकल्यापासून कपाट रिकामं दिसतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी आहे, म्हणाले. तेव्हा आत्या, एवढं कर: पाठवण्याआधी त्याच्या कडांवर आणि दांड्यांवर चांगले ओरखडे पाड. नवा दिसला तर तो माझ्या डोळ्यांवर यायचा नाही.