चाळीस दाते की अठ्ठेचाळीस

१२ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदललं. आता अठ्ठेचाळीस दात्यांचं. एमआयडीसीतली पहिली पाळी उरकून तसाच चंदूच्या वेल्डिंगच्या दुकानात. पाठ मोडून गेली. पण पोलादपूरच्या पुढे घाटात आमची एकसीटी गाडी चढावर अशी सुटली की चंदू टेम्पोतून ओरडत होता, "भाऊ, हाच गिअर! आता हात नको लावूस!"

नऊ वर्षं बांधतोय ही गाडी. बाइकचं इंजिन, भंगारातल्या रिक्षाचा डिफरन्शियल, बाकी सगळं हातचं. पाच जानेवारीला हौशी लोकांची शर्यत. एकदा तरी मी स्वतः धावणार. मग विकली तरी चालेल.

१५ डिसेंबर, रविवार

नाते गावाजवळच्या माळावर नेली. फज्जा! सरळ पट्ट्यात अर्ध्यावरच इंजिन किंचाळायला लागलं, पुढे वेगच नाही. रेश्मा बघत होती. बायको माझी, पण दिवसभर नाते–महाड मिनिडोअर रिक्षा चालवते ती. म्हणाली, "शर्यत मैदानात हाय ना? मग घाट कशाला चढवताय?"

आम्ही इथली माणसं! कुठलीही गाडी आधी चढाला घालून बघायची. गाढव मी.

१९ डिसेंबर

चाळीस दाते. दाते कमी म्हणजे वेग जास्त, ओढ कमी. सरळ पट्ट्यात झकास, वळणातून निघताना मात्र मरगळते. चंदूचं डोकं – "डिफरन्शियल वेल्ड करू, दोन्ही चाकं एकदम ओढतील!" ऐकलं. वळणात दोन्ही चाकं वेगवेगळी फिरायला हवीत, ती एकत्र जखडली. गाडी वळेचना. थेट पेंढ्याच्या गंजीत!

२३ डिसेंबर

जुना डिफरन्शियल गेला कामातून. दुसरा शोधून बसवला. चव्वेचाळीस दाते. ना धड वेग, ना धड ओढ.

२६ डिसेंबर

कंटाळलो. डबाही उघडला नाही.

२९ डिसेंबर, रविवार

परत चाळीस. दोन फेऱ्यांत पाठ धरली, उतरलो. रेश्माला म्हटलं, तेवढी टेम्पोपर्यंत आण. तिने आख्खी फेरी मारली! वळणातून गाडी सणकन निघाली. मरगळ नाय, काय नाय.

"चांगली तर ओढते! तुमी उगाच रडता."

ती बावन्न किलो. मी शहाऐंशी. चंदू माझ्या पोटाकडे बघत होता. फार वाईट वाटलं. रडू आलं, खरं सांगायचं तर.

३१ डिसेंबर

सीट कापून रेश्माच्या मापाची केली. आता त्या सीटमध्ये मी मावत नाही.