गिझरचं स्वातंत्र्य

४ जानेवारी, सकाळी ८.१०
आज पुन्हा गार पाण्याने आंघोळ. दात अजून वाजतायत. बिल्डिंगमध्ये आठ घरं आणि वीज येते एकाच जुन्या केबलमधून. म्हणून तळमजल्यावरच्या वायरमन आजोबांनी गिझरचं टाइमटेबल लावलंय. एका वेळी दोनच घरं. आमची वेळ सव्वासहा. सव्वासहाला मी माणसात नसतो. आई म्हणाली, मग लवकर ऊठ की. गुलामगिरी टिकते ती अशाच लोकांमुळे.
ठराव: या वर्षी बिल्डिंग फ्री करायची.

५ जानेवारी
पहिल्या मजल्यावर जो रोज जिमला जातो, त्या जिमवाल्याला लगेच पटलं. त्याची वेळ पावणेसहाची आहे.
आजोबांना गाठलं. म्हटलं, माझं घर, माझा गिझर, माझं बिल, तुमचा संबंध काय? ते म्हणाले, बरोबर आहे तुझं, आणि केबल कुणाची? मी म्हटलं, तो टॉपिक वेगळा आहे.

१० जानेवारी, रविवार
मीटिंग. मी अठरा मिनिटं बोललो. आई म्हणते चाळीस. विषय: इंडिव्हिज्युअल फ्रीडम. पाच घरं माझ्या बाजूने (त्यातलं एक आमचंच, बाबा गावाला गेलेत म्हणून मत मी दिलं, आईने माझ्याकडे बघितलं नाही). एक घर कुलूपबंद. विरोधात दोन: आजोबा आणि तिसऱ्या मजल्यावरची ताई.
ताईची आई म्हणजे माझ्या चौथीच्या इंग्लिशच्या मॅम. रात्रंदिवस ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. ताई म्हणाली, तुमची लाइट गेली तर तुमचा टीव्ही जातो, आमची गेली तर आईचा श्वास जातो. मी म्हटलं, आय फील युवर पेन, पण एका घराचा प्रॉब्लेम आठ घरांवर लादणं ही डेमोक्रसी नाही. शिवाय तुमच्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. ती म्हणाली, तो दीड तास पुरतो. मी म्हटलं, दीड तास म्हणजे पुष्कळ झाला. टाळ्या पडल्या. जिमवाला एकटाच होता, पण जोरात.
आजोबांनी टाइमटेबल काढलं आणि मीटररूमची किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, आता तूच बघ बाबा. हरलेला माणूस ग्रेसफुल असला की बरं वाटतं.

११ जानेवारी
सात वाजता उठलो. कढत पाणी. स्वातंत्र्य म्हणजे हेच. मग अंगाला साबण असताना लाइट गेली. सगळ्यांनी एकदम गिझर लावले म्हणे. मला फ्यूज बदलता येईना, शेवटी आजोबा न बोलावता आले आणि बदलून गेले. टीथिंग प्रॉब्लेम, सुरुवातीला होतंच.

१२ जानेवारी
दोनदा गेली. ताई जिन्यात भेटली. म्हणाली, सिलिंडर संपत आलाय, नवा शनिवारी येणार आहे. मी म्हटलं, काळजी करू नका, मी रूट कॉजवर काम करतोय.

१३ जानेवारी
रूट कॉज सापडला. फ्यूजची तार. केसासारखी बारीक! दोन व्हिडिओ पाहिले (दुसरा अर्धाच) आणि हार्डवेअरवाल्याकडून चांगली जाड तांब्याची तार आणून बसवली. आजोबा मीटररूमच्या दारात उभे. म्हणाले, अरे, फ्यूज मुद्दाम कमजोर ठेवतात, तो आधी जळतो म्हणून घर जळत नाही. मी म्हटलं, आजोबा, हाच तो जुना माइंडसेट. ते म्हणाले, काढ ती तार, मी हात जोडतो. मी किल्ली खिशात टाकली. मतदान झालंय.

१४ जानेवारी
सगळे गिझर एकदम चालू, एकदाही लाइट गेली नाही. गुड न्यूज द्यायला मॅमकडे गेलो. नाकात नळी, तरी हसल्या. थांबत थांबत म्हणाल्या, बोलतोस छान. मग मशीनचे तीनचार आवाज झाले. मग म्हणाल्या, ऐकतोस कधी?
थकल्या आहेत बिचाऱ्या.

१५ जानेवारी
मीटररूमची भिंत कोमट लागते. थंडीत वाईट नाही. किंचित वास येतोय, बहुतेक रंगाचा. सोमवारी कुणाला तरी दाखवू.

१६ जानेवारी, शनिवार, सकाळी ११.४०
हॉस्पिटलचा कॉरिडॉर. सव्वासातला केबल जळली. जिना धुराने भरला. जिमवाला सगळ्यात आधी खाली पोचला, लॅपटॉप घेऊन. मॅमना खुर्चीत बसवून मी, ताई आणि आजोबांनी उतरवलं. खुर्चीचे पुढचे दोन पाय माझ्याकडे होते. सिलिंडर मॅमच्या मांडीवर. पहिल्या मजल्यावर काटा शून्याला टेकला. ताई सारखी म्हणत होती, आई, माझ्याकडे बघ.
अँब्युलन्सला पन्नास मिनिटं लागली. हे नोंदवलं पाहिजे. आणि सिलिंडर शुक्रवारी आला असता तर? डिलिव्हरीवाल्यांचा फॉल्ट आहेच. केबल तर चाळीस वर्षांची.

१७ जानेवारी
सकाळी साडेनऊला मॅम गेल्या.

१९ जानेवारी
वीज कंपनीचे इन्स्पेक्टर आले. जळकी तार पिशवीत घालून विचारलं, ही कुणी बसवली? जिमवाला म्हणाला, मी भाडेकरू आहे. बाकीच्यांना मीटिंग नीटशी आठवेना. आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, इट वॉज अ कलेक्टिव्ह डिसिजन. इन्स्पेक्टर म्हणाले, तार बसवायला हात किती लागतात?
दोन दिवस आई माझ्यासमोर थांबत नाही. ताट मात्र वाढून ठेवते.

२० जानेवारी
लेखी जबाब द्यायचाय. पाच पानं लिहिली. पहिल्या पानावर स्वातंत्र्याची व्याख्या, दुसऱ्यावर थंडी, मग अँब्युलन्स, सिलिंडर, केबल. चांगलं जमलंय. शेवटी सहवेदना.

२१ जानेवारी, दुपारी
सही करण्याआधी ताईला दाखवावं असं वाटलं. दार उघडं होतं. ती मशीन पुसत होती, परत द्यायचं होतं म्हणून. तिने पाचही पानं उभ्याउभ्याच वाचली, एकही ओळ न गाळता. मग परत दिली आणि म्हणाली, यात आई कुठेय?
मी म्हटलं, शेवटच्या पॅराग्राफमध्ये.
ती म्हणाली, तार कुणी घातली तेवढंच लिही. बाकी कुणी विचारलेलं नाही.
घरी येऊन कोरा कागद घेतला. तासभर बसलो. लिहिलं: तार मी घातली. नको म्हणून सांगितलं होतं.
दीड ओळ झाली. खाली जागा बरीच उरली आहे, पण लिहायला काही नाही.