कोपऱ्यातला चौकोन

६ जानेवारी
ती. ताईस,
सा. न.

आधी तुलाच सांगते. आपला ‘बेतणी’ प्रोग्रॅम मी वर्षअखेर बंद करणार आहे. मापं टाकली की खऱ्या आकाराचं कागदी कटिंग छापून देतो, यावर अकरा वर्षं खूश होते. पण तो चालतो त्या लिनक्सवर, आणि ही कॉम्प्युटरची फुकट प्रणाली पाच तऱ्हांची, म्हणजे पाच भावंडांचं घर. प्रत्येकासाठी प्रोग्रॅमचा डबा वेगळा भरायचा, आणि एकाने चव बदलली की पुन्हा चूल पेटवायची. खाणारे, म्हणजे वापरणारे, दोनशे अकरा, त्यात एक तू. थकले गं.

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी धाकटी

१९ जानेवारी
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात दुकानातला कॉम्प्युटर बसला, तो उठलाच नाही. तुझ्या भाचीने खेळायचं नवं यंत्र आणलंय, हातात मावेल एवढं. ते तिने टीव्हीला जोडलं, कीबोर्ड लावला, आणि म्हणाली, आई, हे तर मावशीचंच लिनक्स. ‘बेतणी’ बसवलीही. पण यंत्राने स्वतःला अपडेट केलं आणि ती पुसली गेली. भाचीचं म्हणणं, याचा तळ सीलबंद असतो, वरून घातलेलं अपडेटमध्ये टिकत नाही. मावशीने लागेल ते सगळं आत घालून एकच बंद डबा करावा, तो कुठल्याही लिनक्सवर चालेल. अशी यंत्रं तिच्या सगळ्या मित्रमैत्रिणींकडे आहेत म्हणे.

आईच्या शिलाई मशीनवर मी अजून बसते. तू बंद केलंस तर कटिंग काय तोंडाने करू?

रागावलेली, पण तुझीच
ताई

२३ फेब्रुवारी
ती. ताईस,
सा. न.

बंद डब्यांना मी आठ वर्षं नाकं मुरडली. शिंप्याने गिऱ्हाइकाकडे जाताना आपलं टेबलही उचलून न्यावं, तसं ते बोजड काम. पण भाचीपुढे हात टेकले. डबा झाला. पाचही भावंडं गुपचूप जेवली. आवराआवरही केली: आई प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात माप पट्टीने पडताळायला दहा सेंटिमीटरचा चौकोन काढायला लावायची ना, तो काढून टाकला. आता कॉम्प्युटरच अचूक मोजतो.

पहिली बाही छापून कळव.
तुझी धाकटी

४ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

बाही सोबत पाठवली आहे. बाहुलीला छान होईल. तुझी भाची हसून हसून खुर्चीवरून पडली.

कापड वाचलं, कारण कोपरा रिकामा दिसला आणि माझी कात्री उचलेना. आधी चौकोनाला पट्टी, मग कापडाला हात, हे अंगातच मुरलंय. चौकोन नव्हता म्हणून बाहीलाच पट्टी लावली. दहाच्या जागी सात भरले. तुला आईपेक्षा जास्त कळायला लागलं का गं?

चुकलीस तरी लाडकीच.
ताई

२७ मे
ती. ताईस,
सा. न.

कान पकडले. प्रिंटरमधला कागद केवढा, ते बंद डब्याला दिसतच नव्हतं. यंत्राच्या छोट्या पडद्यावरून त्याने कागदाचा अंदाज बांधला. दुरुस्त केलं, चौकोन परत बसवला आणि डबा त्या यंत्राच्याच ऑनलाइन दुकानात ठेवला.

ताई, तीन आठवड्यांत एकोणीस हजार माणसांनी उतरवून घेतला. खेळायला यंत्र घेतलेली माणसं, आणि शिवतायत. एका नाटकमंडळाच्या बाईंनी अख्ख्या फौजेचे अंगरखे बेतले. एका निवृत्त नर्सने एका हाताने घालता येईल असा सदरा केला. दोघा अनोळखींनी प्रोग्रॅमच्या कामाचा वाटा उचलू का विचारलं, मी लगेच दिला. एकाने विचारलं, कोपऱ्यातला चौकोन काढून टाकता येईल का. नाही म्हणून कळवलं.

बंद करणार नाही. लिनक्सवाल्यांच्या मोठ्या संमेलनात या डब्याबद्दल बोलायला बोलावलंय.

तुझी, मान ताठ झालेली
धाकटी

५ जून
चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं, दोनदा. गिऱ्हाइकं ताटकळली, ताटकळू देत.

मंचावर तो कोपर फाटलेला स्वेटर घालून उभी राहू नकोस. कोट शिवते. गर्द निळं कापड काढून ठेवलंय, चौकोन छापून पाहिला, बरोबर दहा भरला. आईच्या वहीत तुझं माप आहे, पण ते कॉलेजातलं. तेव्हा तू काडी होतीस.

आताचं पाठव. अंदाजाने नको, पट्टी लावून.
ताई