टेक्ससला न गेलेली मुलगी

प्रिय लोरीन,

दोन गल्ल्या पलीकडे राहणारी मिस व्हर्ना तुला पत्र का पाठवतेय, असं वाटेल तुला. तोंडावर सांगायची छाती होत नाही, म्हणून.

गेल्या मंगळवारी राजधानीत, लिटल रॉकला, आपल्या शाळेतर्फे आमदारांच्या समितीपुढे गेले होते, शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी पैसे मागायला. चर्चचा निळा ड्रेस घातला होता, सगळं पाठ केलं होतं. बारावी झालेलं पोर जन्मभर जास्त कमावतं, जास्त कर भरतं. अर्ध्यात सुटलेल्यावर सरकारच पुढे तुरुंगात नि दवाखान्यात खर्च करतं. एका आमदाराने चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमच्याकडे वर्षाला चारच पोरं गळतात. चौघांसाठी तिजोरी उघडू?" तो चारचा आकडा माझ्याच हातचा होता.

तुझ्या आईचं डायलिसिस सुरू झालं आणि तू दहावी सोडून कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला उभी राहिलीस, तेव्हा हजेरीचे कागद मीच भरायचे. मुख्याध्यापक म्हणाले, "व्हर्ना, गळती वाढली तर शाळेला टाळं लागेल. पोरगी टेक्ससच्या शाळेत गेली असं लिही, कुणाचं काय बिघडतंय?" शाळा बदललेलं पोर गळतीत धरत नाहीत. मी लिहिलं. त्याच संध्याकाळी तू किराणा दुकानात भेटलीस. "मिस व्हर्ना, माझं लॉकर कुणाला देऊ नका हं, मी येणारे परत!" मी मान डोलावली. गळतीच्या यादीतल्या मुलांच्या घरी तेव्हा एक शिक्षिका जायच्या, संध्याकाळचे वर्ग लावून द्यायच्या. यादीत तुझं नावच नव्हतं. तू वाट पाहिली असशील का गं? विचारायचीही लाज वाटते.

पुढे हात सरावला. गेल्या वर्षी सत्तावीस मुलं मी अशीच परराज्यात धाडली. सगळी इथेच आहेत.

आता तुझी लेक डार्ला एकवीस दिवस शाळेत आलेली नाही. तिचा कागद टेबलावर आला, आणि नवे मुख्याध्यापकही तेच म्हणाले. या वेळी मी खरं लिहिलं. समितीलाही कळवलं, चार नव्हे, एकतीस. नोकरी बहुधा जाईल, जाऊ दे. शनिवारी सकाळी डार्लासाठी तुझं दार वाजवायला येतेय. एकोणीस वर्षांपूर्वी ते का वाजलं नाही, हे दार उघडायच्या आधी तुला ठाऊक असावं, म्हणून हे पत्र. नाही उघडलंस, तरी मी पायरीवर बसेन.

तुझीच अपराधी,
मिस व्हर्ना