गळ्याभोवतीचं पांढरं कापड

बाबा,

तुमचं पांढरं कापड मी आता वापरत नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळून मागं गाठ मारायचं ते, ज्याला दर सोमवारी दुकान बंद असलं की तुम्ही स्वतः नीळ घालायचे आणि आईलाही हात लावू द्यायचे नाही. फाटलं नाही, हरवलं नाही. धुऊन, घडी घालून पेटीच्या तळाशी ठेवलं आहे. काहून, ते सांगायला बसलो आहे. आणि मला माहीत आहे, तुम्ही एवढं वाचूनच म्हणाल, ‘पोट्ट्या, आधी कॉलेजचं सांग.’

तर आधी कॉलेज. सोडलं. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो. अकोल्याचं दुकान काकांनी सांभाळलं आणि आईनं मला अमरावतीला शिकायला धाडलं, हा तरी खुर्चीमागं उभा न राहता खुर्चीत बसेल म्हणून. दुसऱ्या वर्षापर्यंत बसलोही. मग वर्गातल्या एका मुलीच्या घरी ओढाताण सुरू झाली. तिची आई नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात उभं राहून काम करते, तिचे पाय सुजायला लागले. मुलीनं कॉलेज सोडलं आणि गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात काम धरलं. ती गेली म्हणून मी गेलो. तिला कारण होतं, मला ती होती. जाताना सरांशी भांडलोही, उगाच, कारण दार आपटल्याशिवाय मी कुठून निघतच नाही. आई महिनाभर बोलली नाही. शेवटी तुमची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “घे. बापाचंच डोकं हाय तुह्यात, मंग हत्यारंही त्याचीच घे.”

आता एका सलूनमध्ये काम करतो, आणि सोमवारी त्या आश्रमात म्हाताऱ्यांच्या दाढ्या करायला जातो. फुकट. आश्रमाच्या मॅडमनी फार कौतुक केलं, आजकालच्या मुलांमध्ये अशी सेवावृत्ती वगैरे. फक्त ती व्हरांड्यात तोंडावर ओढणी धरून हसत होती. “सेवा करून राहिला का लाइन मारून राहिला?” मी म्हटलं, “दोन्ही.” खरं सांगायचं तर तेव्हा सेवा फार थोडी होती.

तिथं एक एसटीचे कंडक्टर आहेत. अकोल्याचेच. लकव्यानं एक बाजू गेली आणि त्यासोबत बोलणंही गेलं, फक्त एक शब्द उरला, ‘चला’. भूक लागली तरी चला, भाजी आवडली नाही तरी चला, मुलगी भेटून परत निघाली की डोळ्यांत पाणी आणून, चला. सगळे त्यांना कंडक्टर साहेब म्हणतात. पहिल्या सोमवारी मी त्यांच्या खाटेशी गेलो, तुमच्यासारखंच कापड हवेत फटकारलं, गळ्याभोवती टाकलं, तर माणूस असा थरथरायला लागला की खाट वाजायला लागली. चांगल्या हातानं कापड ओढतायत आणि ओरडतायत, “चला! चला!” मला वाटलं, वस्तऱ्याला भितात. न्हाव्याच्या पोराला दुसरं काय वाटणार? मी वस्तरा ठेवून दिला, पुढच्या वेळी साधं रेझर नेलं, मग मशीन नेली. पाणी कोमट करून पाहिलं. हत्यारं बदलत राहिलो आणि दर वेळी कापड मात्र तेच, तुमचं, स्वच्छ, नीळ घातलेलं. एकदा तीच येऊन त्यांचा हात धरून बसली. “मी धरते, तू उरक पटकन.” मी उरकलं. तिच्या बांगड्या माझ्या कोपराला लागत होत्या आणि मला ते बरं वाटत होतं.

त्या दिवशी परतताना बाळापूर आठवलं. मी नववीत असेन, तुमच्यासोबत पेटी धरून गेलो होतो. असेच एक अंथरुणाला खिळलेले आजोबा, दाढी छातीपर्यंत वाढलेली, आणि त्यांचा मुलगा दारात मोबाईल पाहत उभा. तुम्ही त्या आजोबांच्या कानाशी वाकलात. “काका, गळ्याले हात लावू का?” आणि थांबलात. ते छताकडे पाहत होते. तुम्ही थांबलेलेच. मुलगा म्हणाला, “अहो, त्याईले काई समजत नाई, तुमी करा.” मलाही घाई होती, परतीची गाडी चुकणार होती. मीही म्हटलं, “बाबा, उरका ना.” तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. केव्हातरी आजोबांनी डोळे मिटले, हनुवटी जराशी वर केली, तेव्हा तुम्ही हात लावला. गाडी चुकलीच. स्टँडवर चहा घेताना मात्र तुम्ही मला धरलं. “त्याले समजत नाई हे तुले कोनं सांगतलं? अन् नसंल समजत. गळा तं त्याचा हाय ना?” मी चिडून म्हटलं होतं, “मंग आपण रात्रभर वाट पाहाची का?” तुम्ही म्हणालात, “पाहाची.” आणि माझी बशी माझ्याकडे सरकवली. 

पुढच्या सोमवारी मी पेटीतली हत्यारं काढलीच नाहीत. फक्त कापड काढलं आणि झटकलं. वस्तरा नाही, रेझर नाही, पाण्याची वाटीसुद्धा नाही. आवाज ऐकल्याबरोबर कंडक्टर साहेबांनी चांगला हात अंगाखाली लपवला. गळा नव्हे, बाबा. मनगट लपवलं. मी कापड पेटीत टाकलं, हात रिकामे दाखवले, खाटेच्या कडेला बसलो. बराच वेळ बसलो. मग त्यांना विचारलं, “साहेब, हात पाहू का?” त्यांनी हळूच काढून दिला. मनगटाभोवती वळ होता, जुना पिवळा आणि त्यावर नवा लाल. न हलणाऱ्या हाताचं मनगट पाहिलं, तिथं तर कातडं सोललं होतं, कारण तो हात बिचारा सैल करून घेऊ शकत नव्हता. “चला,” ते म्हणाले, अगदी हळू. मी किती सोमवार त्या माणसाच्या गळ्याजवळ होतो आणि हाताकडे पाहिलं नव्हतं.

आता माझं डोकं तुम्हाला माहीत आहे. तिथं एक मामा आहेत, म्हाताऱ्यांना उचलून आंघोळीला नेणारे, आडदांड. मला दुसरं कोणी सुचलंच नाही. अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होते, मी जाऊन त्यांची कॉलर धरली. “लाज नाई वाटत? हात बांधता म्हाताऱ्याचे?” पाइप त्यांच्या हातातून सुटला, आम्ही दोघंही भिजलो. त्यांनी माझा हात झटकला नाही. नुसतं म्हणाले, “मी सकाळचा माणूस हावो, पोट्ट्या. अकराले निंगून जातो. दुपारी कोन असते ते तुले माह्यापेक्षा बरं मालूम हाय. तिच्यासाठीच येतं ना तू?”

मागच्या दोरीवर धोतराच्या पट्ट्या वाळत होत्या. जुनी धोतरं फाडून केलेल्या, पांढऱ्या, स्वच्छ धुतलेल्या. मी दर सोमवारी त्या पाहत होतो आणि मला वाटायचं, जखमेला बांधायच्या असतील. ती त्याच गोळा करत होती. इतरांच्या दाढ्यांसाठीचा वस्तरा माझ्या खिशात होता आणि तुमचं वाक्य आठवलं, राग आला की आधी वस्तरा मिटवायचा. तो मिटलेलाच होता, तरी मी खिशात हात घालून एकदा पाहिलं.

“कंडक्टर साहेबाले तू बांधते?”

“दुपारी बांधते.” तिनं सरळ सांगितलं, पट्टी घडी करत. “खाटेवरून पडले होते मागं. कपाळाले टाके पडले. मॅडम मलेच बोलल्या. दुपारी सारे हॉलभर म्हातारे अन् मी एकटी. एकाचं धुवून राहिली तं दुसरा उठते. मी मारत नाई त्याईले. उपाशी नाई ठेवत. माह्या हातानं भरवते. अन् नरम कपडाच बांधते, दोरी नाई.”

“त्याईले इचारलं?”

“काय इचारू? ‘चला’ म्हणतीन.”

“ते नको म्हणून राहिले! दर सोमवारी म्हणून राहिले, माह्या कापडाले पाहून!”

ती थांबली. तिला खरंच माहीत नव्हतं, बाबा, हे मी कुणापुढेही शपथ घेऊन सांगेन. तिला वाटत होतं ती त्यांना सांभाळते आहे. मलाही वाटत होतं की मी त्यांची दाढी करतो आहे. तिनं पट्टी हातात गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाली, “सांगशील तं माही नोकरी जाईन. आईचे पाय तू पाह्यले हाय.” तिनं पट्टी परत दोरीवर टाकली. “अन् नाई सांगशील,” ती म्हणाली, “तं मले तुहा राग येईन. जाय. सांग.”

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळीकडे असंच करतात, पडून हाड मोडलं तर जबाबदार कोण? मी टेबलावर हात आपटला, तो आपटायला नको होता, कारण त्यानंतर त्यांनी माझं काहीच ऐकलं नाही. मग मी अकोल्याला कंडक्टर साहेबांच्या मुलीला, ताईंना, फोन केला. ताई पहिल्या गाडीनं आल्या. बापाचं मनगट मांडीवर घेऊन बसल्या, आणि त्यांनी विचारलं, “कोनं बांधलं?” मॅडम मामांकडे पाहायला लागल्या. मामा जमिनीकडे. मी सांगायला आलो होतो आणि माझं तोंड उघडेना. दारातून ती म्हणाली, “मी बांधत होते, ताई. दुपारी मी एकटीच रायते.”

ताई बापाचा हात खाली ठेवून उठल्या आणि तिच्यासमोर आल्या. मला वाटलं, आता थोबाडीत मारतील. माझी तर मूठ वळली होती, कुणासाठी ते कळत नव्हतं. मग ताई मॅडमना म्हणाल्या, “इले काढू नका. इच्यासंगं दुपारी अजून एक बाई ठेवा. अन् माह्या बाबाची खाट काढून टाका, गादी खाली टाका. पडले तं गादीवर पडतीन. नाई तं मी त्याईले आजच नेते, अन् काहून नेलं ते साऱ्याइले सांगते.” गादी त्याच संध्याकाळी खाली आली. दुसरी बाई यायला वेळ लागला, पण आली. दोरीवर आता टॉवेल वाळतात.

ती माझ्याशी बोलत नाही. मी सांगितलं म्हणून नव्हे, मला वाटतं. ताईंनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो म्हणून. सगळ्यांसमोर दार आपटणारा मी, नेमका तेव्हाच. बोलू का, हे तिला कसं विचारू? तुम्ही हे शिकवायच्या आधीच गेलात.

कंडक्टर साहेबांची दाढी आता कापडाशिवाय करतो. मीही खाली गादीवर बसतो. केस सदऱ्यावर पडतात, नंतर झटकतो. “साहेब, गळ्याले हात लावू का?” म्हणतो आणि थांबतो. कधी ते हनुवटी वर करतात. कधी “चला” म्हणून तोंड फिरवतात, आणि मग त्या सोमवारी त्यांची दाढी तशीच राहते. मॅडमना ते आवडत नाही, पाहुणे आले की बरं दिसत नाही म्हणतात. असू दे.

परवा दाढी झाल्यावर त्यांच्या हातात आरसा दिला. तुम्ही सांगायचे, आरसा गिऱ्हाइकाचा, न्हाव्यानं त्यात आपलं तोंड पाहू नये. माझं तोंड नाही पाहिलं. पण त्यात मागची खाट दिसत होती, आणि ती. माझी पाठ तिच्याकडे होती म्हणून तिला वाटलं कुणी पाहत नाही. एका आजोबांवर वाकून ती विचारत होती, “बाबाजी, उशी सरकवू का?” आणि बाबाजी काही बोलेनात, तर ती तशीच थांबली होती, वाकलेली, हात उशीपासून जरा दूर धरून.

कंडक्टर साहेबांना त्यांचा चेहरा पाहायचा होता. मी त्यांच्या हातातला आरसा, न विचारता, थोडा तिच्याकडं वळवला, बाबा. आणि तो लवकर सरळ केला नाही.