फितुराचा कोट

प्रिय डावऱ्या,

खुशाल आहेस ना, असं विचारत नाही. डोळ्यांनी बघितलंय मी. आपल्या गावाचा वार्षिक सोहळा यंदाही झोकात झाला. दगडी वेस घासूनपुसून काढली, बाहेरून बसगाड्या भरभरून पाहुणे आले, वाचनालयाच्या बाई राणी झाल्या आणि दुपारी जुन्या वेढ्याचं नाटक झालं. शत्रूला वेस उघडून देणारा फितूर आपल्याच घरचा लागतो, कारण आपल्या कुठल्याशा खापरपणजोबांनी ते खरंच केलं म्हणे! वर्षभर अख्खं गाव बाबांकडे कुलपं दुरुस्तीला टाकतं, घराच्या किल्ल्या बिनघोर ठेवून जातं, आणि त्या एका दुपारी त्यांनाच टोमॅटो मारतं. बाबा हसत हसत मार खातात.

आठवतं, आदल्या दिवशी आपण दोघं टोपल्या घेऊन बसायचो? एकेक टोमॅटो दाबून बघायचा. मऊ असला तर टोपलीत, कडक असला तर स्वयंपाकघरात. बाबांना लागू नये म्हणून. तू इतका चोखंदळ, की मी निवडलेलेही परत दाबून बघायचास. यंदा एकटीनेच निवडले. पण वेशीबाहेर कुणीतरी पाहुण्यांसाठी गाडी लावली होती, चांगल्या हिरव्या, कडक टोमॅटोंची.

बाबांचे गुडघे गेलेत, हे कळल्यावर तूच लिहिलंस, यंदा फितुराचा कोट मी घालतो. झालं! म्हातारा महिनाभर हवेत. कोटाची बटणं तुझ्या मापाने सरकवून घेतली, दुकानात येईल त्याला सांगत सुटले. नाटकाची वेळ झाली तरी वेशीच्या खांबाला टेकून वाट बघत होते. शेवटी ढगळ कोट स्वतःच चढवला.

आणि तू आलास रे! काळा चष्मा लावून, बायको आणि सासऱ्यांसोबत, पाहुण्यांच्या गर्दीत. मी टोपली घेऊन हाकेच्या अंतरावर उभी होते. सासऱ्यांनी गाडीवरचा टोमॅटो तुझ्या हातात कोंबला आणि तू हसलास. ते माझे वडील आहेत, एवढं म्हणाला असतास तर काय नाक कापलं जाणार होतं? पण नाही. डाव्या हाताने फेकलास, दाबून न बघता. नेम तुझा लहानपणापासून पक्का. फेकल्यावर सासऱ्यांनी तुझी पाठही थोपटली.

बाबांचा उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी हात टेकले. बाबा सगळ्यांना सांगतात, कुणी परका होता, चेहरा नाही दिसला. मलाही तेच सांगितलं. काल मात्र पट्टी बदलताना हळूच म्हणाले, पोराची तब्येत सुधारलीय, नाही? मग त्यांनी बजावलं, त्याला डोळ्याचं कळवू नकोस हं, जिवाला लावून घेईल. म्हणूनच कळवतेय. सोबत कोट पाठवलाय, तुझ्या मापाचा आहे. धुतलेला नाही.

तुझीच,
ताई