तीन सेकंदांची नात

प्रिय वकीलबाई,

हाक जुनीच मारतोय. झोपायच्या वेळेवरूनसुद्धा तू माझ्याशी तावातावाने वाद घालायचीस, तेव्हा पडलेलं नाव. आता घरात वाद घालायला कोणी नाही. भिंती माझं सगळं मान्य करतात.

परवा तुझ्या आत्याने तिच्या गावाहून व्हिडिओची लिंक पाठवली. खाली मला लिहिलं होतं, "तुझी नात चालायला लागली, बघ." मी उघडली. नात खुर्चीचा पाय धरून उभी आहे, हात सोडते, पाऊल उचलते, आणि वरून पडदा: पुढचं ॲपमध्ये पाहा. बंद करून पुन्हा उघडलं, तरी तिथेच पडदा. तीन सेकंद, बस्स. तेवढेच मी पुन्हा पुन्हा पाहतोय. तिचा एक मोजा घसरलाय. मागच्या भिंतीवर तुझी सावली आहे.

असले पडदे तुझी कंपनी बनवते, हे वाचनालयाच्या भरल्या सभागृहात मीच गरजून सांगितलं होतं. सगळ्यांसाठी मोकळा असलेला रस्ता अडवायचा आणि आमच्याच दारातून या म्हणायचं, ही नाकेबंदी आहे, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. तिथेच थांबायला हवं होतं. त्या भरात तिसऱ्या रांगेत बसलेल्या तुझ्याकडे मी बोट केलं. "आणि नाक्यावर उभी आहे माझीच मुलगी!" लोक हसले. तू पर्स उचलून निघून गेलीस. त्याला दोन वर्षं झाली. नात त्यानंतरची.

माझं मत आजही तेच आहे आणि ते मी कुठेही ठणकावून सांगेन. तरी काल मोबाईलच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, टाका ते ॲप. दुकानवालीने बरीच खटपट केली. मग म्हणाली, "काका, तुमचा फोन फार जुना झालाय. यात ते चालणारच नाही. नवा घ्या." हा फोन तू पहिल्या पगारातून दिलेला. मी तो खिशात घातला आणि घरी आलो. तत्त्व मोडलं, आणि दार तरीही बंदच.

म्हणून हे कागदावर. माफी मतासाठी मागत नाही, त्या बोटासाठी मागतोय. नवा फोन उद्याही मिळेल, पण चौथा सेकंद मला फोनवर नको. तिला घेऊन ये, नाहीतर मला ये म्हण. तिला धरायला हवी म्हणून खुर्ची खोलीच्या मधोमध आणून ठेवली आहे. दोन दिवस तिलाच अडखळतोय, पण हलवत नाही.

तुझाच,
या खेपेला ऐकून घेणारा,
बाबा